जालन्याहून कोकणात आठवडाभर : निघण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जालन्यातल्या अनेक घरांत एकच बेत शिजतो : यंदा कोकण. पहाटे निघायचे, अलिबाग, मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली असे सगळे करायचे, जमलेच तर गोव्याला टेकायचे आणि आठव्या दिवशी घरी. आम्हीही एका वर्षी असेच गेलो होतो. त्या आठवड्यात समुद्र पाहिला तो बहुतेक गाडीच्या काचेतून, आणि मुलांना आजही आठवतात ते घाटातले उलट्यांचे थांबे.

समुद्र आता आपल्याला पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली (आता ती नांदेडहून येते). जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. रस्ता जवळ आला, पण समुद्राची ओळख तेवढीच राहिली. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, शेततळे, घाणेवाडीचा तलाव. हे पाणी जागचे हलत नाही. समुद्राचे पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, आणि आपल्या सहलीच्या बेतात त्याचा कुठेच हिशेब नसतो.

सात दिवसांत किती कोकण?

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असे पाठ केले. तो एका आठवड्यात संपवायचा हट्टच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा करा, उरतात पाच. तेवढ्यात एकच पट्टा नीट होतो. माझी पसंती सावित्रीच्या मुखापासून शास्त्रीच्या मुखापर्यंतच्या पट्ट्याला, म्हणजे बाणकोट ते जयगड.

गाडीने पुणे, ताम्हिणी घाट, माणगावमार्गे मंडणगड गाठता येते. रेल्वेने जायचे तर मुंबईकडे जाऊन कोकण रेल्वेने दापोलीसाठी खेड आणि गुहागरसाठी चिपळूण. पहिले तीन मुक्काम दापोली तालुक्यात ठेवा. वेळास जवळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना तिथे पाहता येतात. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव, समोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. महर्षी कर्व्यांचे मुरूडही इथलेच. पालगडला साने गुरुजींचा जन्म झाला. मुलांना ‘श्यामची आई’ वाचून दाखवली असेल तर तिकडे वाट वाकडी करा.

मग दाभोळहून जंगलजेटी. गाडीसकट फेरीबोटीत चढायचे, वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि धोपाव्याला उतरायचे. रस्त्याने गेलात तर खेड-चिपळूणमार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळहून दुसरी जेटी धरून जयगड. तिथून मालगुंडचे केशवसुत स्मारक आणि गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर. जेटीची शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

भरती कधी, हे घरबसल्या कसे कळते?

कोकणातले जुने लोक यासाठी मोबाइल काढत नाहीत. त्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. त्या दिवशीच्या तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासूनच मोजायचे. ही भरती दिवसा एकदा आणि रात्री एकदा, सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते. मध्ये साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. हा पाऊण तासाचा खेळ त्यातूनच आला.

हिशेब अंदाजाचाच आहे. जागेनुसार तासभर इकडेतिकडे होतो, त्यामुळे पोचल्यावर यजमानांना विचारून खात्री करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी पुरुषभर चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. हेदवीची बामणघळ पाहायची तर भरतीचीच वेळ हवी. खडकाच्या चिरेत घुसलेले पाणी तेव्हाच उंच उसळते. पाहायचे मात्र लांबून. त्या ओल्या कातळावर सेल्फीसाठी उभे राहणाऱ्यांना काय म्हणावे, ते छापता येणार नाही.

हौसेने ओल्या वाळूत गाडी उतरवणाऱ्यांचीही दरवर्षी फजिती होते. चाक रुतते, भरती लागते आणि गावातला ट्रॅक्टर शोधेपर्यंत पाणी दारापर्यंत येते.

विहिरीत पोहता येते, मग भीती कसली?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या आठ जणांचा जीव गेला. दोन्ही गट समुद्रापासून दूरच्या शहरांतले होते. आपणही तसेच दूरचे.

लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी कुठूनतरी परत जातेच. अनेकदा ते एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि जरा गडद दिसते. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो, कारण ‘इथे लाटा कमी आहेत’. ओहोटीत ही ओढ बहुधा वाढते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. उत्तम पोहणाराही दमतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. काठावरच्यांनी मागोमाग उड्या टाकू नयेत. दोर, रिकामा कॅन, फुटबॉल, जे तरंगते ते फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गावकऱ्याला विचारणे. तो ‘आज नको’ म्हणाला की नको. पैसे भरून आलोय, हा मुद्दा तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट जालनेकरांना सांगायलाच हवी. दापोली-मंडणगडात आपल्या चौपटीहून जास्त पाऊस पडतो, तरीही मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभ्यातून पाणी झिरपून जाते. उन्हाळ्यात घरगुती मुक्कामाला गेलात तर बादलीने अंघोळ करा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मासे खायचे असतील तर जून-जुलै टाळा, तेव्हा मासेमारीला बंदी असते.

आता दिवाळीचे गणित मांडून बघा. भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दीडला. ती आटोपून तुम्ही पंचमीला आंजर्ल्यात पोचलात तर भरती पावणेचारची, म्हणजे सूर्यास्ताला पाणी ओसरत असणार. वाळू रुंद आणि घट्ट, मुलांना पळायला, शिंपले वेचायला झकास. पाण्यात उतरायला नाही. नवमीला हेदवीत असाल तर पूर्ण भरती पावणेसातची. सकाळची धरा, संध्याकाळी तोवर अंधार पडलेला असतो. आणि भांगाची असल्याने बामणघळ त्या दिवशी बेताचीच उसळेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.