शिक्षा खालच्यांना, अभय वरच्यांना

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० अर्भके दगावली. १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. ते दुःख इथल्याही घराघराचे होते. पुढे जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कोणाची बदली झाली. फौजदारी गुन्हा मात्र दाखल झाला तो दोन परिचारिकांवर.

कर्तव्यात कसूर झाली असेल तर चौकशी व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या रुग्णालयापाशी अग्निसुरक्षेचे ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हते. हा दोष रात्रपाळीच्या परिचारिकेचा कसा? तो पैसा आणि मंजुरी ज्यांच्या हाती आहे त्यांचा. त्यानंतर दहा महिन्यांनीच, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला व तीन परिचारिकांना. भंडाऱ्याच्या कारवाईने नगरची आग टळली नाही, यातून शासनाने काय बोध घेतला?

माणूस थकतो, विसरतो, चुकतो. म्हणून व्यवस्था अशी हवी की एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस वेळीच यावी. विमान वाहतुकीने हे केव्हाच ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी पडताळणी-सूची दिली, तीही याच जाणिवेतून. जेथे चूक सांगणाऱ्याला तुरुंग दिसतो, तेथे चुका लपवल्या जातात; आणि लपलेली चूक पुढच्या रुग्णाचा बळी घेते.

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावहून मजुरी बुडवून सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बाळंतिणीला दुसरा आसरा नाही. तिची सुरक्षितता ही कृपा नव्हे, तिचा हक्क आहे. तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे : खाटांच्या प्रमाणात कायम परिचारिका नेमा, वीज व अग्निसुरक्षेच्या तपासणीचा अहवाल प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लावा, धोका कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण द्या, आणि निधी अडवून ठेवणाऱ्यालाही चौकशीच्या पिंजऱ्यात उभे करा. हे होणार नसेल, तर पुढच्या दुर्घटनेला अपघात म्हणण्याचा अधिकार शासनाला उरणार नाही.