स्टेंट बसला, तरी छाती का दुखते?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून मनुष्य घरी परतला की, दुखणे रुग्णालयातच राहिले अशी घरच्यांची समजूत होते. चार दिवसांनी तो पुन्हा छातीवर हात फिरवू लागतो. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. मुलांनी कर्ज काढून उपचार केला, आता पुन्हा दुखते हे कोणत्या तोंडाने सांगावे, असा संकोच त्याला वाटतो. या मौनाविषयी वाचकांशी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण कित्येकदा ते दुखण्याहून घातक ठरते.

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे डॉक्टर आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली वाहिनी फुग्याने प्रथम रुंद केली. परंतु अशा काही वाहिन्या पुन्हा मिटत. म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये झाक पुएल यांनी व स्वित्झर्लंडमध्ये उल्रिख सिगवार्ट यांनी आत जाळीचा आधार ठेवला. आपल्या देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीस मर्यादा घातली, तेव्हापासून तो सामान्य कुटुंबांच्या थोडा आवाक्यात आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्टेंटनंतरच्या वर्षात शंभरांपैकी सुमारे वीस ते तीस रुग्णांना छातीत कमीअधिक त्रास होतो, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. तेव्हा असा त्रास होणे हा रुग्णाचा दोष नव्हे, आणि उपचार फुकट गेला असाही त्याचा अर्थ नव्हे.

पहिल्या काही दिवसांतील बारीक दुखणे बहुधा ताणाचे असते. स्टेंटमुळे वाहिनीची भिंत ताणली जाते व ती काही काळ ठणकते. हे दुखणे हळूहळू कमी होत जाते. खोकल्याने वा वाकण्याने स्टेंट निसटेल ही भीती मात्र व्यर्थ आहे. तो भिंतीत घट्ट बसतो आणि पुढे त्यावर आतले अस्तर वाढते.

दुसरे कारण अधिक समजून घेण्यासारखे आहे. विहिरीकडून येणारा मोठा पाट साफ केला, तरी वाफ्यांतील सऱ्या गाळाने भरल्या असतील तर पिकास पाणी पोहोचत नाही. हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्यांचेही तसेच आहे. त्या अँजिओग्राफीच्या चित्रात दिसत नाहीत. म्हणून ‘स्टेंट उत्तम आहे’ असा निर्वाळा मिळाला तरी चढण चढताना छाती आवळते. कधी वाहिनी अकस्मात आकुंचन पावते, कधी दुसऱ्या वाहिनीतील अडथळा राहिलेला असतो, तर कधी रक्तक्षय त्रास वाढवतो. या सर्वांवर औषधे आहेत. पण दुखणे सांगितल्यावाचून ती मिळणार कशी? शिवाय आम्लपित्त, स्नायूंची उसण आणि मनातील धास्ती यांनीही छाती दुखते.

महिन्यांनंतर पूर्वीचेच दुखणे श्रमांबरोबर परतले, तर स्टेंटच्या जागी वाहिनी पुन्हा अरुंद होत असण्याचा संभव असतो. तेव्हा विनाविलंब तपासणी करावी.

सर्वांत मोठे भय स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मध्येच बंद करणे हे तिचे एक प्रमुख कारण आहे. बरे वाटते म्हणून, पैसे वाचावेत म्हणून किंवा दात काढायचा म्हणून या गोळ्या परस्पर थांबवू नयेत. एखाद्या गोळीने धाप लागत असेल तर हृदयरोगतज्ज्ञांस सांगावे. ते ती बदलून देऊ शकतात.

छातीवर ओझे ठेवल्यासारखे दडपण, घाम, धाप, जबड्याकडे वा हाताकडे सरकणारी कळ, यांपैकी काही दिसले तर रुग्णास बसवावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत उतार न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; गोळी जवळ नसल्यास तत्काळ बोलवावी. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात कळ न येता नुसती धाप, मळमळ वा विलक्षण थकवा येऊ शकतो, हेही ध्यानात असावे. अशा वेळी ओवा-सोडा देऊन सकाळची वाट पाहू नये.

एरवी एक साधी वही ठेवावी. दुखणे कोणत्या दिवशी, काय करताना, किती वेळ राहिले आणि कशाने थांबले, एवढे तीत लिहावे. दाबल्याने वा कूस बदलल्याने वाढणारे दुखणे बहुधा स्नायूंचे असते. तरी निवाडा घरी न करता वही डॉक्टरांपुढे ठेवावी. तंबाखू कायमची सोडावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे.

घरच्यांस आमची एकच विनंती आहे. खर्चाचा हिशेब रुग्णाच्या कानी पडू देऊ नका. ‘आज कसे वाटते?’ हे रोज शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ज्या घरात दुखणे सांगण्याची लाज वाटत नाही, तेथे उपचार वेळेवर पोहोचतो.