पाणी आणि विटाळ



नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीशेजारी नियमांची एक पाटी असते. डोक्याला तेल लावून येऊ नये, टोपी घालावी, पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी, आणि त्याच दमात, 'त्वचारोग असणाऱ्यांस प्रवेश नाही'. बहुतेकजणी ती पाटी वाचतही नाहीत. जिच्या मानेवर, हातापायांवर पांढरे डाग आहेत ती मात्र त्या ओळीशी थांबते आणि पुष्कळदा तिथूनच घरी परतते.

आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई परतली नव्हती. वय चाळिशीच्या आतबाहेर, नोकरी करणारी. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितले होते. 'हा आजार संसर्गजन्य नाही' असा दाखला घेऊन तिने बायकांच्या बॅचची तीन महिन्यांची फी भरली. तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी बॅचमधल्या दोघी-तिघी व्यवस्थापकाकडे गेल्या: आमच्या मुली याच पाण्यात असतात, यांना वेगळी वेळ द्या. व्यवस्थापक सभ्य होता. "ताई, माझं काही म्हणणं नाही, पण तक्रार आली की मला बघावं लागतं," असे म्हणून त्याने फी परत केली. तिला कोणी हाकलले नाही, शिवी दिली नाही. दाखला मात्र कोणी उघडूनही पाहिला नाही.

ती केंद्रात आली ती दाद मागायला नव्हे. तिला एवढेच विचारायचे होते की लेखी तक्रार केली तर नाव बाहेर येईल का. धाकट्या बहिणीचे लग्न जुळत होते आणि मोठीच्या अंगावर कोड आहे हे मुलाकडच्यांना अजून सांगितलेले नव्हते. पूर्ण बाह्यांचे ब्लाउज आणि पायघोळ साडी यांनी जे वीस वर्षे झाकले, ते तलावाच्या काठावर तीन दिवसांत उघडे पडले होते. पुरुषाच्या अंगावर डाग असले तर लोक त्याच्याकडे पाहतात. बाईच्या अंगावर असले तर तिच्या बहिणीकडे, मुलीकडे, माहेरच्या कुळाकडे पाहतात. तक्रार अजून लिहिली गेलेली नाही.

आता आजाराविषयी. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की तिथे पांढरा डाग उमटतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, त्यातून हे घडते. यात जंतू नाही. म्हणून स्पर्शाने, टॉवेलने, पाण्याने कोड कोणाकडून कोणाकडे जात नाही. जगभर शंभरात साधारण एकाला हे डाग असतात, म्हणजे आपल्या प्रत्येक मेळाव्यात अशी एखादी तरी मैत्रीण असणारच. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी फार वेगाने वाढतात आणि खवले धरतात. पाहणाऱ्याला ते नकोसे वाटेल, पण तोही कोणाला लागत नाही. लागतो तो नायटा, लागते ती खरूज, लागतात त्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या. त्याही क्लोरीनच्या पाण्यापेक्षा कपडे बदलण्याच्या खोलीतल्या ओल्या फरशीवरून आणि एकमेकींच्या टॉवेलवरूनच अधिक पसरतात. पण चिखल्या पहारेकऱ्याला दिसत नाहीत. थोडक्यात, पाटी रोगाला अडवते असे म्हणणे कठीण आहे, ती अडवते दिसण्याला.

या गोंधळात भाषेचाही वाटा आहे. कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याची जुनी रीत कुष्ठरोगाची सगळी दहशत इकडे घेऊन आली, जणू कुष्ठरोग्याला वाळीत टाकणे तरी योग्यच होते! उपचार सुरू झाल्यावर कुष्ठरोगी थोड्याच काळात संसर्ग देणारा राहत नाही. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळायला २०१९ साल उजाडावे लागले. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता' ही संस्था उभी करून या विषयावरचे मौन मोडले. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा चित्रपट केला, त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. एवढे काम होऊनही तलावावरच्या पाट्या तशाच आहेत.

कायद्याचा आधार शोधायला गेले की हाती थोडेच लागते. संविधानाच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात भेदभावाला मनाई आहे, पण धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांपुरती. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आहेत, कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत. कोड आणि सोरायसिस नाहीत. काम अडत नाही म्हणून अपंगत्व नाही, आणि दिसायला वेगळी म्हणून प्रवेश नाही, अशी ही कोंडी आहे.

ते कलम ज्या इतिहासातून आले तो आपल्याच प्रांतातला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. त्या अन्यायाची आणि पोहण्याच्या बॅचची बरोबरी आम्ही करत नाही, कोणी करूही नये. पण एखाद्या शरीराच्या नुसत्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत जेव्हा आज 'स्वच्छता' म्हणून बोलते, तेव्हा तिचा आवाज निदान आपल्याला तरी ओळखू यावा. महिन्यातले चार दिवस आपणही बाटवणाऱ्यांतच जमा असतो.

आणि तक्रार बायकांनीच केली होती. बायकांसाठी वेगळा तास ठिकठिकाणी मागून, अर्ज-विनंत्या करून मिळवावा लागला आहे. त्या तासाला आपण दुसऱ्या बाईला बाहेर उभे करतो. त्या आयांना दुष्ट ठरवून भागणार नाही. मुलीच्या अंगावर डाग उमटला तर तिचे काय होईल हे त्या पुरते जाणून आहेत, भीती त्या लग्नाच्या बाजाराची आहे. नेमके म्हणूनच त्यांच्याशी बोलण्याचे काम व्यवस्थापकाचे नाही, आपल्या गटांचे आहे.

काही साध्या गोष्टी लगेच मागता येतील. पाटीवर 'त्वचारोग' न लिहिता 'संसर्गजन्य त्वचारोग, उघडी जखम किंवा जुलाब' असे लिहावे. दाखला मागायचा तर सगळ्यांकडे मागावा, डाग दिसणाऱ्या एकीकडे नव्हे. तक्रार आली तर निर्णय आरोग्य अधिकाऱ्याने लेखी द्यावा, बॅचने हात वर करून नव्हे. वेळेचाही प्रश्न आहे. पुष्कळ उघड्या तलावांवर बायकांना मिळतो तो भर उन्हाचा तास, आणि रंग गेलेली त्वचा उन्हाने लवकर भाजते. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ मागायला हे एक कारण पुरेसे आहे, बाकीची आहेतच. अंगभर पोशाख घाला म्हणजे वाद मिटेल, असे सुचवणारेही भेटतात. जिला हवा तिने तो जरूर घालावा. पण प्रवेशाची अट म्हणून तो घालायला लावणे म्हणजे पूर्ण बाह्यांचा ब्लाउज पाण्यातही घालायला लावणे. शिवाय घट्ट कपडा जिथे काचतो तिथे नवे डाग उमटू शकतात, परकराच्या नाडीखाली ते उमटलेले अनेकींनी पाहिले आहेत.

पुढच्या अंकासाठी एक काम आहे. आपापल्या गावच्या, वॉर्डातल्या सार्वजनिक तलावावर जाऊन नियमांच्या पाटीचा मजकूर शब्दशः उतरवून आमच्याकडे पाठवा. बायकांच्या बॅचची वेळ, दाखल्याची अट आणि पाटी कोणाच्या सहीची आहे, हेही कळवा. ज्यांना स्वतःचा अनुभव लिहायचा आहे त्यांनी नाव न घालता लिहिले तरी चालेल.