शिधापत्रिकेवरचा थिजलेला आकडा

१/ "रेशन म्हणजे फुकट्यांची सोय" असे म्हणणाऱ्यांनी जळगाव-धुळ्याचा इतिहास जरूर वाचावा. भुकेल्याची परीक्षा घेण्याची रीत इथे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आजची परीक्षा मात्र एका बाबतीत इंग्रजांच्या परीक्षेहूनही आंधळी आहे.

२/ साल १८९९-१९००. विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. सरकारपुढचा प्रश्न: खरा गरजू कोण?

३/ दुष्काळ संहितेचे उत्तर होते: जो खडी फोडायला येईल तो. ही कसोटी निर्दय होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिथे मजुरीचा हिशोब धान्यात मांडला जाई. बाजारात धान्य महागले, की मजुरीचा पैशांतला दरही वर सरके.

४/ स्वतंत्र भारतात १९९७ साली रेशनमध्ये दारिद्र्यरेषेची भिंत उभी राहिली. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि शुभ्र शिधापत्रिका आल्या. खडीची जागा उत्पन्नाच्या दाखल्याने घेतली.

५/ पुढे अन्न सुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात त्याचा अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा: ग्रामीण भागात ४४,००० रुपये, शहरात ५९,०००. घरात खाणारी तोंडे तीन असोत वा आठ, आकडा तोच.

६/ आता हिशोब करू. २०१३-१४ मध्ये राज्यात मनरेगाची मजुरी १६२ रुपये होती. त्या दराने ४४,००० ओलांडायला २७२ दिवस राबावे लागे. २०२४-२५ मध्ये मजुरी २९७ झाली, मर्यादा जागची हलली नाही. त्या दराने १४९ दिवस पुरत. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या नवरा-बायकोने सरकारी दराने प्रत्येकी ७५ दिवस काम केले, की सरकारदरबारी ते कुटुंब सुखवस्तू!

७/ महागाई वाढली हे मजुरी ठरवताना मान्य आणि शिधा देताना अमान्य, हा कुठला न्याय? दाखल्यावर खरे उत्पन्न लिहिले तर धान्य जाते, कमी लिहिले तर माणूस लबाड ठरतो. गरिबाला खोटे बोलायला नियमच भाग पाडतो आणि मग आपणच त्याला फुकट्या म्हणतो.

८/ "मर्यादा उठवली तर बंगलेवालेही रांगेत येतील," हा नेहमीचा आक्षेप. पण ती उठवा असे म्हणणेच नाही. ती मजुरीच्या दराशी बांधा, एवढेच. तेच २७२ दिवस धरले, तर २०२४-२५ च्या दराने ग्रामीण मर्यादा ८०,००० च्या पुढे जाते.

९/ संहिता लिहिणारे साहेब दयाळू नव्हते. त्यांना बाजारभाव तेवढा कळत होता. आपल्या शासनाला निदान तेवढे तरी कळावे.