चोवीस गाणी, तीन ज्यूरी आणि एक जज

परवा कँटीनमध्ये पुन्हा तोच वाद. आमच्या टीममधला एक मित्र तावातावाने म्हणाला, "ज्यूरीने निकाल दिला ना? मग तो मोडणारा जज कोण लागून गेला?" आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की गाडी नानावटीच्या पुढे जात नाही. म्हणून मी त्याला अमेरिकेतली, आपल्या एमपीथ्रीवाल्या पिढीची केस सांगितली.

मिनेसोटातल्या एका बाईने काझावर २४ गाणी शेअर केली, असा रेकॉर्ड कंपन्यांचा दावा. २००७ साली ज्यूरीने तिला २,२२,००० डॉलर भरायला सांगितले. २००८ मध्ये जज मायकेल डेव्हिस यांनी तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. ज्यूरी मूर्ख होती म्हणून नव्हे हं. गाणी नुसती उपलब्ध ठेवली तरी ते वितरणच, असं त्यांनीच ज्यूरीला सांगितलं होतं आणि ते कायद्याला धरून नव्हतं. चूक आपली, हे त्यांनी चक्क लेखी मान्य केलं! स्वतःचा बग असा कबूल करणारे आपल्यात किती? :)

२००९ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ठोठावले १९,२०,००० डॉलर! म्हणजे गाण्यामागे ८०,०००. जजनी रक्कम ५४,००० वर आणली, पण कंपन्यांना पर्याय दिला: हे घ्या, नाहीतर रकमेपुरता पुन्हा खटला. कंपन्यांनी खटला निवडला. २०१० मध्ये तिसरी ज्यूरी, १५ लाख! २०११ मध्ये जजनी घटनेचा आधार घेऊन पुन्हा ५४,००० केले, पण यावेळी पर्याय न देता. २०१२ मध्ये अपील कोर्टाने ते खोडलं आणि आकडा परत २,२२,००० वर आला.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. फेरखटला म्हणजे ज्यूरीचा अपमान नव्हे. जज तिथे स्वतःचं उत्तर लादत नाही, प्रश्न नीट करून पुन्हा विचारतो. आणि तो स्वतःचंच उत्तर लिहायला लागला, तर त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असतं. ही सोय नसती, तर चुकीच्या सूचनेवर मिळालेला निकाल 'जनतेचा कौल' म्हणून त्या बाईच्या गळ्यात कायमचा पडला असता.

पण खरी मेख वेगळीच. जाणूनबुजून केलेल्या कॉपीला गाण्यामागे ७५० ते १,५०,००० डॉलर, हा पट्टा कायद्यानेच आखून दिलेला. तीन ज्यूरी बसवल्या तरी स्पेसिफिकेशनमधला बग टेस्टिंगने कसा सुटणार?

तेव्हा शिव्या घालायच्याच असतील, तर पत्ता नीट लिहा. जजला नव्हे, कायदा करणाऱ्यांना. असो.