कोडमध्ये दिसतं ‘≠’, पण फाइलमध्ये असतं ‘!=’; हा प्रकार नेमका काय?

प्रोग्रामर मंडळी सोशल मीडियावर आपल्या स्क्रीनचे फोटो टाकतात, तेव्हा कोडमध्ये कधीकधी गणिताच्या पुस्तकातली चिन्हं दिसतात. ‘समान नाही’ यासाठी बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांमध्ये ‘!=’ लिहितात. मग स्क्रीनवर ‘≠’ कुठून येतं?

हे कसं होतं?

फाइलमध्ये ‘!=’च असतं, बदलतं ते फक्त दिसणं. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये २०१४च्या २४.४ आवृत्तीपासून अशी सोय आहे. ‘लॅम्डा’ हा सहा इंग्रजी अक्षरांचा शब्द तिथे एका ग्रीक अक्षराच्या रूपात दाखवता येतो. फिरा कोडसारखे फॉन्ट असंच काम जोडाक्षरांच्या तंत्राने करतात.

मराठी वाचकांना हे तंत्र ओळखीचं आहे. ‘क्ष’ टाइप केल्यावर क, हलन्त आणि ष अशी तीन युनिकोड चिन्हं साठवली जातात. त्यांचा एकसंध आकार फॉन्ट घडवतो.

मग अडचण कुठे?

सहा अक्षरांच्या जागी एकच दिसलं की ओळीची लांबी फसवी वाटते. आपल्या स्क्रीनवर नीट जुळवलेल्या ओळी सहकाऱ्याच्या स्क्रीनवर वाकड्यातिकड्या दिसू शकतात. शिवाय कुणी खरोखरच ‘≠’ टाइप केलं, तर नजरेला फरक कळत नाही. पायथनसारखी भाषा मात्र ते स्वीकारत नाही.

दिसणं आणि असणं यातल्या या दरीचा गैरफायदाही घेता येतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२१मध्ये ‘ट्रोजन सोर्स’ हा धोका जाहीर केला. अरबी, हिब्रूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये अदृश्य चिन्हं आहेत. ती कोडमध्ये पेरली, तर माणसाला एक क्रम दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. त्यानंतर गिटहबने अशा फाइल्सवर इशारा दाखवायला सुरुवात केली.

आपला काय संबंध?

इन्स्टाग्रामच्या बायोमधली नक्षीदार इंग्रजी अक्षरं याच्या उलट आहेत. तिथे फॉन्ट बदलत नाही, अक्षरंच बदलतात. त्यातली बरीचशी युनिकोडमधली गणिती चिन्हं असतात. त्यामुळे दृष्टिहीनांसाठीचे स्क्रीन रीडर ती अनेकदा धड वाचू शकत नाहीत आणि साध्या अक्षरांत शोधल्यावर ते नाव सापडेलच असं नाही.

म्हणून एडिटरमधली सजावट स्वतःपुरती असेल तर बिघडत नाही. दुसऱ्याचा कोड तपासताना मात्र ती बंद केलेली बरी.