गाडी घेताना सीसी बघू नका, आधी आपला माल मोजा



हळदीचे पैसे हातात आले की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दरवर्षी पिकअपचा विषय निघतोच. वसमत म्हणा, कळमनुरी म्हणा, सेनगाव म्हणा, मोंढ्यात चहाच्या टपरीवर हेच चालू असतं. सध्या आमच्या पुतण्याच्या खिशात दोन कोटेशन आहेत. एक १५०० सीसीच्या गाडीचं, एक २५०० सीसीच्या. त्याचं मन मोठ्या गाडीवर बसलंय. "काका, शेतकऱ्याच्या गाडीत दम पाहिजे," असं त्याचं म्हणणं. अजून पाच-सहा पोरं हेच विचारायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याची गाडी मुख्य करून घरच्या शेतीला लागणार आहे, त्यानं लहान इंजिनाची, १३ क्विंटलच्या आसपास पासिंग असलेली गाडी घ्यावी. ज्याला रोज भाडं मारायचंय आणि तेही भरलेल्या गाडीनं लांब पल्ल्याला, त्यानं मोठी घ्यावी. यात शानचा विषय नाही, हिशेबाचा आहे. हिशेब खाली मांडतो, चुकला वाटला तर खुशाल खोडा.

पहिली गोष्ट, सीसी म्हणजे ताकद नव्हे. सीसी म्हणजे सिलिंडरची जागा किती, एवढंच. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं, कागदावर ताकद ७५ एचपीच्या आसपास आणि टॉर्क २०० च्या आसपास. टाटा इंट्रा व्ही-५० चं इंजिन १४९६ सीसीचं, म्हणजे हजार सीसीनं लहान. पण कागदावर ८० एचपी आणि टॉर्क २२०. आता यात दमदार कोणतं म्हणायचं? त्याच कंपनीची व्ही-३० बघा. तिलाही १४९६ सीसीच, पण ताकद ७० एचपी आणि टॉर्क बराच कमी. सीसी तेच, गाडी वेगळी. म्हणून नुसतं "पंधराशे का पंचवीसशे" हा प्रश्नच अर्धवट आहे. मोठ्या इंजिनाची खरी गंमत अशी की ते कमी फेऱ्यांवर, न ओरडता ओढतं. लहान इंजिन टर्बोच्या जोरावर तेवढंच काम करतं, पण फेऱ्या थोड्या जास्त लागतात.

दुसरी गोष्ट चढाची. सगळ्यांना औंढ्याकडच्या डोंगराची भीती. "भरलेली गाडी चढंल का?" आपण मोटारीचे एचपी रोज ऐकतो, तोच हिशेब इथं लावू. १ एचपी म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर वर उचलायची ताकद. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. चढ चांगला धरा, १०० फुटाला ६ फूट. मग गाडीला मागं खेचणारी ओढ झाली ३००० किलोच्या ६ टक्के, म्हणजे १८० किलो. डांबरी रस्त्यावर टायरची अडवणूक धरा ४५ किलो. एकूण २२५ किलो. ताशी ३० किलोमीटरनं चढायचं म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. २२५ गुणिले ८.३ भागिले ७५, उत्तर येतं २५ एचपी. गिअर-जॉइंटमधली घट धरली तरी ३० एचपीत काम भागतं. ७० एचपीच्या गाडीला मग अडचण कुठं आली? मोठं इंजिन तोच चढ जरा जोरात चढंल, एवढाच फरक.

२००५ साली टाटा एस आली तेव्हा तिला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं आणि ताकद होती फक्त १६ एचपी. लोकांनी तिला छोटा हत्ती नाव दिलं आणि गावोगाव तिनं धंदा केला. पाऊण टनाच्या आसपास माल होता तोवर ती कुठंच अडली नाही. तिच्यात १५ क्विंटल भरणाऱ्यांनी मात्र क्लच प्लेटा जाळल्या आणि दोष इंजिनाला दिला.

तिसरी गोष्ट चिखलाची. आपली काळी माती, आपले पांदण रस्ते. जुलै-ऑगस्टमध्ये शेतातून गाडी काढायची म्हणजे परीक्षाच. इथं बरेच जण म्हणतात, मोठं इंजिन पाहिजे. मी म्हणतो, चिखलात इंजिन हरत नाही, टायर हरतं. रुतलेली गाडी बघा, इंजिन बंद पडलेलं नसतं, मागचं चाक जागेवर गरगर फिरत असतं. ताकद आहे, पकड नाही. त्यात पिकअप मोकळी असली की मागचा भाग हलका, म्हणून अजून लवकर फिरतं. उपाय चांगल्या नक्षीचे टायर, मागं थोडं वजन, हलका पाय, आणि लईच खराब पांदण असंल तर फोर बाय फोर. तेही नसंल तर माल ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत आणायचा. हजार सीसी जास्त घेऊन चिखल सुकत नाही.

चौथी गोष्ट खेपांची. ही नीट बघा, कारण सगळा निकाल इथं लागतो. घरची ४ एकर हळद आणि १० एकर सोयाबीन धरू. वाळलेली, पॉलिश केलेली हळद झाली ९० क्विंटल. सोयाबीन ८० क्विंटल. १३ क्विंटलच्या गाडीनं हळदीला ७ खेपा, सोयाबीनला ७ खेपा, एकूण १४. १७ क्विंटलच्या गाडीनं हळदीला ६, सोयाबीनला ५, एकूण ११. वर्षभरात फरक पडला तीन खेपांचा! या तीन खेपा दुसऱ्याच्या गाडीनं भाड्यानं नेल्या आणि खेपेला ३,००० रुपये धरले, तरी झाले ९,०००.

आता दुसरी बाजू. मोठी गाडी दीड लाखानं महाग पडली असं धरा. दीड लाखाचं जास्तीचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. हप्ता महिन्याला साधारण ३,१९० रुपयांनी वाढतो. वर्षाला ३८,००० च्या वर. ५ वर्षांत दीड लाखाचे १ लाख ९१ हजार होतात. त्यात डिझेल. वर्षाला १२,००० किलोमीटर चालली, लहानीनं लिटरला १५ दिले आणि मोठीनं १२, तर २०० लिटर जास्तीचं डिझेल. ९० रुपयांनी १८,०००. म्हणजे वर्षाला ५६,००० रुपये जास्त घालून आपण ९,००० वाचवायलोत. तुमचा आकडा थोडा इकडं-तिकडं होईल. कोटेशन, हप्ता, ॲव्हरेज आपआपलं घालून बघा. पण फरक एवढा मोठा आहे की निकाल सहसा बदलत नाही.

कुणी म्हणंल, "भाव असला त्या दिवशी सगळा माल मोंढ्यात नेता आला पाहिजे." बरोबर आहे. पण ९० क्विंटल ना १३ च्या गाडीत एका खेपेत बसतो, ना १७ च्या. ज्या दिवशी भाव असंल त्या दिवशी एक ट्रक सांगायचा आणि मोकळं व्हायचं. वर्षात चार दिवस लागणाऱ्या बैलाला कुणी वर्षभर दावणीला बांधून वैरण घालत नाही.

आता कायद्याचं, कारण हे शोरूमवर कुणी सांगत नाही. आरसी घ्या, त्यावर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं आणि मोकळ्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा करा. उरलं ते तुमचं. त्यातच ड्रायव्हर आणि सोबतची माणसंही आली. वरून लोखंडी साठा बसवला, जाळी बसवली, की तेवढा माल कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जास्त वजनाला २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. शिवाय जास्तीचा माल तिथंच उतरवायचा, तो खर्चही आपलाच. म्हणजे ओव्हरलोडची एक खेप पकडली तर हळदीच्या कितीतरी खेपांचं भाडं गेलं.

याच कायद्याच्या कलम ६६ मध्ये एक सवलत आहे. ज्या मालगाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या वर नाही, तिला परमिट लागत नाही. १३ क्विंटलच्या गाड्या बहुतेक या आत बसतात. १७ क्विंटलच्या गाडीचं स्वतःचं वजन धरलं की आकडा सहज वर जातो. कोटेशन घेताना एकूण वजन विचाराच. लायसन्सचं मात्र टेन्शन नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला एलएमव्हीचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं पक्कं केलं.

किती माल न्यायचा हे इंजिन ठरवत नाही. ते ठरवतात पाटे, एक्सल, टायर आणि सगळ्यात आधी ब्रेक. इंजिन गाडी वर नेतं. उतारावर जीव ब्रेकच्या हातात असतो. पाटे वाढवून मोठं इंजिन आहे म्हणून २५ क्विंटल भरणाऱ्यानं ब्रेक कुठं वाढवलेले असतात?

मग मोठी गाडी कुणीच घेऊ नये का? घ्यावी की. ज्याच्याकडं वर्षातले दीडशे-दोनशे दिवस १५ क्विंटलच्या वरचं भाडं खात्रीचं आहे, त्यानं घ्यावी. जो भरल्या गाडीनं नांदेड, निजामाबाद, सांगलीपर्यंत तासन्‌तास हायवेवर चालणार, त्यानंही घ्यावी. कारण तिथं लहान इंजिन दिवसभर ताणावर राहतं आणि मोठं निवांत चालतं. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये मोठं इंजिन गाडी जास्त धरून ठेवतं, हाही तिचा गुण मान्य. आणि ज्याच्या गावात एकच मिस्त्री आहे आणि त्याला एकाच गाडीचं काम येतं, त्यानं तीच गाडी घ्यावी, मग सीसी कितीही असो. हंगामात आठ दिवस उभी राहिलेली गाडी सगळ्यात महाग.

लहान टर्बो इंजिन घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळा. ऑईल वेळेवर बदला. एअर फिल्टर झटकत राहा, आपल्या धुळीत तो लवकर भरतो. आणि चढ चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, टर्बो थंड होऊ द्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या गाड्या बीएस-६ आहेत. घेताय त्या मॉडेलला धुराची काजळी धरणारा फिल्टर आहे का, युरियाच्या पाण्याची टाकी आहे का, हे विचारून घ्या. फिल्टर असलेली गाडी रोज दोन-दोन किलोमीटर शेत-घर, शेत-घर केली तर तो फिल्टर चोंदतो. अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर पळवावी लागते.

अजून एक सांगायचं आहे. मोठा हौदा दिसला की आपण त्यात माणसं भरतो. हळद काढायला, सोयाबीन कापायला २०-२५ बाया उभ्या करून नेतो. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया कामाला जाताना नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट विहिरीत पडल्या. ७ जणी गेल्या. ती ट्रॉली होती, पिकअप नव्हती, पण सवय तीच आहे. माल वाहायची गाडी माणसं वाहायला नसते. गाडी लहान घ्या नाहीतर मोठी, एवढं मात्र पाळा.

पुतण्याला मी एकच काम सांगितलंय. बुकिंग करायच्या आधी कागद घे. मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात किती माल, किती लांब, किती खेपा, सगळं लिही. आडतीच्या पट्ट्या घरात आहेत, त्यावर तारीख आणि वजन दोन्ही असतं. १३ क्विंटलच्या वर माल लागला असे दिवस मोज. ते शंभराच्या वर निघाले तर मी स्वतः त्याच्यासोबत मोठी गाडी घ्यायला जाईन. वीस-पंचवीस निघाले तर लहान घ्यायची आणि उरलेल्या दीड लाखात त्या चार एकराला ठिबक करायचं. ठिबक दरवर्षी उत्पन्न वाढवंल. जास्तीचे हजार सीसी दरवर्षी डिझेलच पितील.

तुम्ही पण पट्ट्या काढा आणि मोजा. ज्यांच्याकडं दोन्ही गाड्या चालवून झाल्यात त्यांनी आपलं खरं ॲव्हरेज आणि देखभालीचा खर्च इथं लिहावा. कंपनीच्या कागदापेक्षा तो आकडा पोरांच्या जास्त कामाला येईल.